शिकलेली सिस्टर कुठे जाते?

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की सिस्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नांची झुंबड उडते. अर्ज कधी सुटणार? फी किती? हॉस्टेल आहे का? नाइट सांभाळून जमेल का? कुठलं कॉलेज हजेरीच्या फार मागे लागत नाही? सगळं विचारून होतं. शिकून झाल्यावर मी पेशंटजवळ राहणार की नाही, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

बहुतेक नाही राहणार.

आपल्याकडे नर्स जितकी शिकते, तितकी खाटेपासून लांब जाते. डॉक्टर एम.डी. झाला की त्याच्याकडे अवघड पेशंट पाठवतात. सिस्टर एम.एस्सी. झाली की तिच्या हातात खडू देतात. मग त्या अवघड पेशंटच्या उशाशी रात्रभर कोण असतं? परवा पास झालेली, सगळ्यात कमी पगाराची मुलगी.

आणि हे कुणाला खटकत नाही!

अर्जापासूनच सुरुवात करू. भारतीय परिचर्या परिषदेच्या अटी साध्या आहेत. उमेदवाराची नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी हवी. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत. शिवाय वर्षभराचा अनुभव. ही शेवटची अट तर सोन्यासारखी आहे. वर्षभर वॉर्डात उभं राहिल्याशिवाय पुढचं शिकू नये, याला कोण नाही म्हणेल?

घोडं अडतं ते दाखल्यापाशी.

ओळखीतली एक सिस्टर. तालुक्याच्या गावातलं छोटं खासगी हॉस्पिटल, बारा तासांची नाइट, मजल्यावर ती एकटी. खाली वॉचमन, वर ती. हजेरीपटावर 'ट्रेनी'. पगार पाकिटात, रोख, सही एका वहीत. अनुभवाचा दाखला मागायला गेली तर डॉक्टरसाहेबांनी आधी विचारलं, "म्हणजे सोडून चाललीस का?" चकरा मारमारून दाखला हातात पडला. त्यावर हुद्दा लिहिला होता, 'असिस्टंट'. पहाटे दोनला झटके आलेलं पोर घेऊन आई धावत आली, तेव्हा "सिस्टर, सिस्टर" म्हणून जिचा पदर धरला होता, ती कागदावर उतरताना असिस्टंट झाली.

पाणी कुठे मुरतं ते उघड आहे. कागदावर 'स्टाफ नर्स' लिहिलं की तिला स्टाफ नर्सचा पगार द्यावा लागेल.

तो पगार किती असावा, हेही सांगून झालंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. समितीने हिशेब मांडला. २०० खाटांवरच्या खासगी हॉस्पिटलात राज्य सरकारी नर्सइतकाच पगार. १०० खाटांच्या वर असेल तर दहा टक्के कमी चालेल. ५० ते १०० खाटा असतील तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासच्या आत असेल तरी महिना वीस हजारांच्या खाली जायचं नाही. केरळच्या नर्स रस्त्यावर उतरल्या, संपावर गेल्या आणि २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना पदरात पाडून घेतली. आपल्याकडे त्या शिफारशीचं काय झालं? कुठल्याही गल्लीतल्या हॉस्पिटलात जा आणि रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा. डॉक्टर ऐकत नसताना विचारा, म्हणजे खरा आकडा कळेल.

मूळ कागदपत्रांची तऱ्हा तर आणखी वेगळी. नोकरीला लागताना 'जमा' केलेल्या मार्कशीट आणि नोंदणीचं प्रमाणपत्र सोडताना सहजी परत मिळत नाहीत. 'बाँड पूर्ण कर' म्हणतात. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावलं. हॉस्पिटलच्या कपाटाची चावी मात्र मालकाच्याच खिशात राहिली. प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर आली की मुलगी आपसूक नमतं घेते. मालकाला हे चांगलं ठाऊक असतं.

मग नावाची कटकट. बारावीची मार्कशीट माहेरच्या नावाने, नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, विवाह नोंदणीचा दाखला लावा. एकच बाई, आणि ती एकच आहे हे तिनेच सिद्ध करायचं. जिथे अर्ज करणाऱ्यांत बायकाच जास्त, तिथे ही अडचण अपवादाची कशी मानता? फॉर्ममध्ये 'लग्नापूर्वीचं नाव' हा एक रकाना टाकला तर काय बिघडेल?

नाइट संपवून आलेली बाई सकाळी अकराला झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहते. डोळ्यांवर झोप, हातात प्लास्टिकची फाइल. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, रहिवास, नोंदणी, अनुभव, फिटनेस. फाइल जाडजूड होते. या सगळ्या कागदांत तिला पेशंट सांभाळता येतो का, हे सांगणारा कागद एकच, आणि त्यावर 'असिस्टंट' लिहिलेलं.

आता एजंटकडे वळू. तो दर हंगामात असतोच.

'मॅडम, नॉन-अटेंडिंग करून देतो.' म्हणजे तुम्ही इथे नोकरी करा, तिकडे दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात तुमची हजेरी लागेल, परीक्षेला फक्त जा. दोन वर्षांनी पदवी घरपोच. परिषदेचा नियम काय सांगतो? थिअरी आणि प्रात्यक्षिकाला किमान ८० टक्के हजेरी, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी १०० टक्के. शंभर म्हणजे शंभर. एकही दिवस न जाता ती शंभर टक्के भरते.

हे कसं चालतं? मध्य प्रदेशात बघा. तिथल्या नर्सिंग कॉलेजांचा घोळ इतका वाढला की उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. कुठलं कॉलेज योग्य, कुठलं अयोग्य, हे सीबीआयने बघायचं. मे २०२४मध्ये सीबीआयने लाच घेऊन अनुकूल अहवाल दिल्याच्या आरोपाखाली इन्स्पेक्टर पकडला. तो सीबीआयचाच होता.

'तिकडचं तिकडे' म्हणून हात झटकू नका. नॉन-अटेंडिंग पदवी घेतलेली बाई उद्या शिक्षिका म्हणून उभी राहते. तिने न केलेली प्रात्यक्षिकं ती दुसऱ्यांना शिकवते. त्या मुली चार वर्षांनी तुमच्या वडिलांना सलाइन लावतात.

आता झोल न करणाऱ्या, खरंच शिकायला निघालेल्या मुलींबद्दल बोलू. त्याच जास्त आहेत, आणि त्यांचीच जास्त फसगत होते.

विशेष विषय पाच. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बाल आरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. निवड कशी होते? आवडीने कमी, उरलेल्या जागेवर जास्त. मेडिकल-सर्जिकल आधी भरतं. मानसिक आरोग्याकडे 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून' वळतात. ज्या विषयाला सगळ्यात जास्त धीर लागतो, तो नाइलाजाने घेतला जातो.

त्यातही कॉलेजने प्रॉस्पेक्टसवर काय छापलंय ते नीट वाचा. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. तुमचं कॉलेज तिथून दोनशे किलोमीटरवर असेल, तर मनोरुग्णांसोबत तुम्ही किती दिवस काढणार? बसमध्ये घालून नेणार, दोन-तीन आठवडे ठेवणार, केस शीट भरून घेणार आणि परत आणणार. चिडलेल्या, घाबरलेल्या, चार दिवस न जेवलेल्या माणसाचा विश्वास मिळवायला दोन-तीन आठवडे नुसते ओळखीला लागतात. तेवढ्यात बस परत निघालेली असते.

प्रसूतीचा विषय घेणारीने लेबर रूममध्ये कुणाची किती गर्दी आहे ते पाहून यावं. मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणं भरपूर, पण हात त्याहून भरपूर. निवासी डॉक्टर, इंटर्न, एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी, बी.एस्सी.च्या मुली, जी.एन.एम.च्या मुली. एम.एस्सी.ची सिस्टर कोपऱ्यात पार्टोग्राफ भरत उभी. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. साधं, बिनगुंतागुंतीचं बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफने करावं, हा त्यातला विचार. विचार उत्तम आहे. मग जिला मिडवाइफरीत पदव्युत्तर शिकायचं आहे, तिच्या हातात बाळंतीण कधी देणार?

अभ्यासक्रमाचे तास बघितले तर कुणालाही वाटेल, ही तर खाटेशेजारची पदवी आहे. पहिल्या वर्षी विशेष विषयाचं प्रात्यक्षिक ६५० तास. दुसऱ्या वर्षी ९५०. सोळाशे तास पेशंटजवळ! कुणी खरंच सोळाशे तास एका विषयात तज्ज्ञ सिस्टरच्या हाताखाली काढले, तर ती बाई सोनं होऊन बाहेर पडेल.

तज्ज्ञ सिस्टरच वॉर्डात नाही, हीच तर ग्यानबाची मेख. ती वर्गात आहे, तास घेत आहे. वॉर्डात आहे ती तीस पेशंटमध्ये धावणारी एकटी अधिपरिचारिका. पदव्युत्तर मुलगी आली की तिला बरं वाटतं. म्हणते, "बरं झालं आलात, त्या बेडचं इंजेक्शन देऊन टाका." परिषदेचं प्रमाण काय? शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक. हे प्रमाण भिंतीवर लावायचं का खाटेजवळ पाळायचं, हे एकदा ठरवा.

सोळाशे तासांतले किती तास शिकण्यात जातात आणि किती रिकाम्या जागा भरण्यात, याचा हिशेब कुणी मागत नाही.

पैशाचा हिशेब मात्र चोख असतो. त्याच वॉर्डात, त्याच रात्री, एम.डी.चा निवासी डॉक्टर विद्यावेतन घेतो. घ्यावंच त्याने, राबतो तो. त्याच्या शेजारी उभी असलेली एम.एस्सी.ची सिस्टर बहुतेक ठिकाणी फी भरून राबते. नोकरी सोडून आलेली, घरी पैसे पाठवणारी, कधी लेकरू सासूकडे ठेवून आलेली बाई. दोघंही पदव्युत्तर, दोघंही परवानाधारक, दोघांच्याही हाताखालून तोच पेशंट जातो. मग एकाला विद्यावेतन आणि एकीला पावती, हा न्याय कुठला?

आणि प्रबंध! यावर जरा थांबायलाच हवं.

नर्सिंगच्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात जा. प्रबंधांचं कपाट उघडा. शीर्षकं वाचत जा. 'अमुक आजाराबाबतच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता.' पुढचा प्रबंध काढा. आजार बदलला, गाव बदललं, बाकी तेच. तीस-चाळीस-साठ जण गोळा करायचे. प्रश्नावली भरून घ्यायची, ती प्री-टेस्ट. फ्लॅश कार्ड दाखवून तासभर शिकवायचं. आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची, ती पोस्ट-टेस्ट. मार्क वाढतात. कसे नाही वाढणार? तोच पेपर दुसऱ्यांदा दिलाय! मग टी-टेस्ट लावायची, निष्कर्ष लिहायचा, कार्यक्रम परिणामकारक ठरला. वर्षानुवर्षं हे परिणामकारक ठरतंय.

दोष मुलीचा नाही. गाइडने तिच्या वेळी हेच केलं, गाइडच्या गाइडनेही हेच केलं. नैतिक समितीला हे चालतं, परीक्षकाला हे ओळखीचं असतं, वेळेत संपतं, टायपिंगवाल्याकडे नमुना तयार असतो. पण वॉर्डातले प्रश्न तसेच राहतात. रात्री तीनला औषधांच्या चुका का होतात? चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर कूस बदलून देणं कुणाचं राहून जातं? मराठवाड्यातून आलेली ऊसतोड बाई फॉलो-अपला परत का येत नाही? यावर प्रबंध लिहायला त्याच वॉर्डात राबलेली सिस्टर हवी. ती तर समोर बसलीय. तिला फ्लॅश कार्ड रंगवायला बसवलंय.

कूस बदलून देणं म्हटलं की मुंबईचं केईएम रुग्णालय आठवतं. अरुणा शानभाग तिथल्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ला त्यांच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली चार दशकं त्या अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सांभाळलं ते तिथल्या नर्सनी. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, त्यांनीही सांभाळलं. इतक्या वर्षांत अंगावर बेडसोर नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि २०११च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांना मनापासून दाद दिली. ज्यांच्या घरी कुणी दोन महिने अंथरुणावर आहे, त्यांना विचारा बेडसोर न होऊ देणं म्हणजे काय असतं. पाठ, माकडहाड, टाचा, कोपर, दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री. हे वर्षानुवर्षं करणं म्हणजे अत्युच्च दर्जाचं ज्ञान आहे. नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण याहून वेगळं काय असायला हवं?

पण हातातल्या या कसबाला आपल्या व्यवस्थेत बढती नाही. बढती कशी मिळते? अधिपरिचारिकेची परिसेविका होते. परिसेविका झाली की हातात रजिस्टर येतं. इंडेंट भरा, लिनन मोजा, कंडेम सामानाची यादी करा, ड्युटी लावा, रजा नाकारा. पुढे सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. प्रत्येक पायरीला खाट आणखी लांब. आणि एम.एस्सी. केली असेल तर दुसरा रस्ता, पाठ्यनिर्देशिकेचा. तिथे तर खाटच नाही.

शिक्षिका नकोत, असं कोण म्हणतंय? हव्यात, खूप हव्यात. केंद्राने २०२३ साली मेडिकल कॉलेजांना जोडून १५७ नवी नर्सिंग कॉलेजं काढायचं जाहीर केलं. त्यांना शिकवणार कोण? एम.एस्सी. झालेल्याच. म्हणून तर एम.एस्सी.ला मागणी आहे. पण सगळ्यांनीच वर्गात जायचं आणि वॉर्डात कुणीच थांबायचं नाही, तर त्या १५७ कॉलेजांच्या मुली शिकणार कुणाचं बघून?

अमेरिकेत हा गुंता सोडवायला १९६५ साली सुरुवात झाली. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. आज तिथली पदव्युत्तर शिकलेली नर्स पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते. बऱ्याच राज्यांत डॉक्टरच्या देखरेखीशिवाय. तिथे शिकून पेशंटच्या जवळ जाता येतं.

आपल्या परिषदेलाही हे कळतं. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम परिषदेनेच आखला. दोन वर्षं आयसीयूत राहून शिकायचं. वा! आता ही शिकलेली सिस्टर कुठल्या पदावर घ्यायची, ते तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात शोधून दाखवा. अभ्यासक्रम आखायला तज्ज्ञ लागतात, पद मंजूर करायला वित्त विभाग लागतो. गाडी तिथेच थांबते.

'मग परदेशी जाऊ' म्हणून एम.एस्सी.चा अर्ज भरणाऱ्यांना एक सांगायचंय. परदेशात नर्सचा परवाना मिळतो तो मूळ नर्सिंग शिक्षणावर. अमेरिकेला जायचं तर एनसीएलएक्सची परीक्षा, तिला एम.एस्सी. लागत नाही. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषा. महाराष्ट्र सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही नर्सना मागणी आहे. तिकडे पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. फक्त परदेशासाठी दोन वर्षं आणि लाखांची फी घालवत असाल, तर ती दोन वर्षं जर्मन शिकण्यात घाला. कॉलेजवाला हे तुम्हाला सांगणार नाही. त्याला जागा भरायच्या आहेत.

मग अर्ज भरूच नये का? भरावा. जिला पेशंटबद्दल पडलेल्या प्रश्नांची उत्तरं हवीत, तिने तर भरावाच. घरच्यांनी 'आता पुन्हा शिक्षण कशाला' म्हटलं तरी भरावा. मुलाखतीत 'लग्नाचं काय, बाळाचं काय' असं विचारलं तर 'एम.डी.च्या मुलाला हे विचारता का' असं उलट विचारून भरावा.

पण पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारा, आणि इमारतीत जाऊ नका. हॉस्पिटलात जा. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, ते बघा. खाटा किती हे पाटीवर असतंच, पेशंट किती हे दुपारी अडीचला जाऊन मोजा. तपासणीच्या दिवशी भरलेला वॉर्ड एरवी रिकामा असतो का, हे कँटीनवाला सांगेल. आताच्या विद्यार्थिनींना बाजूला घेऊन विचारा, गाइड आठवड्यातून किती वेळा वॉर्डात येते? मानसिक आरोग्याचं पोस्टिंग कुठे? रात्री कुणाच्या हाताखाली शिकता? मुली खरं बोलतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

आणि कॉलेजात काही सापडलं नाही, पण पलीकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयात वीस वर्षं आयसीयूत काढलेली एखादी परिसेविका भेटली, तर तिचा नंबर घ्या. प्रबंधाचा विषय तिला विचारा. ती पाच मिनिटांत दहा विषय देईल, एकातही फ्लॅश कार्ड नसेल.

आता सरकारबद्दल. १९४७चा परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून २०२३ साली राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा संसदेने केला. राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत. नोंदणी, दर्जा, शिक्षण, सगळं नव्याने मांडायची संधी आहे. नुसती पाटी बदलायची असेल तर रंगाचा खर्च वाचवा.

काम फार मोठं नाही. जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू, लेबर रूम आणि नवजात बालकांचा कक्ष, या तीन ठिकाणी एम.एस्सी. झालेल्या सिस्टरसाठी एकेक पद. खाटेजवळचं पद. वेगळी वेतनश्रेणी, रजिस्टर नाही, लिनन नाही, शिकाऊ मुली तिच्या हाताखाली आणि अवघड पेशंट तिच्याकडे. दोन वर्षं शिकताना विद्यावेतन. अनुभवाच्या दाखल्याचा एक ठरलेला नमुना, त्यात नोंदणी क्रमांक आणि हुद्दा 'स्टाफ नर्स', आणि दाखला नाकारणाऱ्या हॉस्पिटलला नोटीस.

यंदा अर्ज भरणाऱ्या सिस्टर दोन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतील. तोवर विधिमंडळाची सहा अधिवेशनं होतील. आमदारसाहेब, पहिल्याच अधिवेशनात विचारा, यांच्यासाठी वॉर्डात पद आहे का?